रविवारी द्वादशी हवी

नवी मुंबईत ऐरोली-नेरुळच्या खाडीकाठी फ्लेमिंगो बघायचे तर दुर्बिणीच्या आधी पंचांग काढावं लागतं. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते, हे कोळ्यांचं गणित. अष्टमीला 6, द्वादशीला 9. ठाण्याच्या खाडीत पाणी आतपर्यंत यायला अंमळ उशीर होतो, तेवढा धरायचा.

ओहोटीला पक्षी लांब चिखलात, नुसती गुलाबी रेघ. भरतीला चिखलच बुडतो आणि मंडळी नेरुळच्या तळ्यांवर मुक्कामाला जातात. मधे पाणी चढताना त्यांना काठाकडे रेटतं, ते दीड-दोन तास आपले. तेही कोवळ्या उन्हात हवेत. चिखल तापला की हवा थरथरते. मग चोच सगळी काळपट (छोटा फ्लेमिंगो) की गुलाबी आणि टोकाला काळी (मोठा), हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

म्हणून नऊ-दहाची भरती, म्हणजे द्वादशी-त्रयोदशी. ती रविवारी यावी, पावसाच्या आत यावी, आणि घरी एकादशी सोडायच्या गडबडीत कुणी आपल्याला नारळ खवायला बसवू नये. छत्तीस गुण जुळणं यापेक्षा सोपं. गेल्या रविवारची वेळ धरून येणाऱ्यांची मला कीव येते. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आठवड्यात ओहोटीच्या जागी भरती हजर! खाडी 2022 मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, पण शिस्त काही बदलली नाही.

दुर्बीण 8×42 (आठपट, पुढचं भिंग 42 मिमी) पुरे. दहापटीत पक्ष्यापेक्षा आपल्या हाताचा कंपच मोठा दिसतो. एसी गाडीतून काढली की भिंगांवर वाफ धरते. पुसत बसू नका, डिकीतूनच न्या. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी आत फिरवा.

नऊनंतर मान फुलपाखरांकडे वळवायची. रुईवर प्लेन टायगर आरामात तरंगतं. अळीपणी रुईचा चीक पचवलेला, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. नवशिक्याला फोटो हमखास. मात्र डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब त्याच्यासारखी नटते. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, हिला वरच्या कडेशी एकच. फुलपाखरांच्या ग्रुपवरचे जाणकार नेमके तेवढेच मोजायला सांगतात, आणि फोटोत नेमका मागचा पंख पानाआड असतो.