क्रमांक घसरला म्हणजे कार्यक्षमता घसरली का?

एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीची, यादी लागली की आपल्याकडे तोच वाद पेटतो. अमुक विद्यापीठ खाली घसरलं, म्हणजे ते अकार्यक्षम. वर सल्ला: 'ब्रिटनकडून शिका जरा.' ब्रिटनमध्ये बसून हे वाचताना चीड येते, कारण त्या यादीत कार्यक्षमता मोजलेलीच नसते. विद्यापीठांच्या यादीत अध्यापन आणि साधनसामग्रीला 30 टक्के वजन आहे, त्यात शिक्षकसंख्येला आणि खर्चालाही गुण आहेत. कार्यक्षमतेच्या हिशेबात, म्हणजे मिळालेलं भागिले वापरलेलं यात, हेच दोन्ही आकडे छेदात जातात. एका ठिकाणी गुण वाढवणारा रुपया दुसऱ्या ठिकाणी गुण खातो.

मोजायची रीत 1978 पासून आहे: चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांचं डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस, म्हणजे प्रत्येक संस्थेची तुलना तेवढ्याच साधनांत सर्वांत जास्त काम करणाऱ्यांशी. समजा, तीन विद्यापीठांत प्रत्येकी 100 शिक्षक आहेत. पहिल्यातून वर्षाला 1000 पदवीधर आणि 200 शोधनिबंध बाहेर पडतात, दुसऱ्यातून 600 आणि 500, तिसऱ्यातून 640 आणि 280. पहिली दोन सीमारेषेवर, म्हणजे सर्वोत्तम कामगिरीच्या रेषेवर, आहेत, दोघांनाही 1 गुण. एक शिकवण्यात पुढे, दुसरं संशोधनात. तिसऱ्याची तुलना या दोघांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाशी होते, म्हणजे 800 आणि 350 शी. दोन्ही बाजूंनी उत्तर 0.8 येतं. कोण पहिलं, हा प्रश्नच इथे उद्भवत नाही.

गडबड होते ती आकडे भरताना. विद्यापीठं थोडी आणि रकाने (शिक्षक, पदवीधर, शोधनिबंध असे मोजायचे आकडे) भरमसाट असले की जवळजवळ सगळ्यांनाच 1 मिळतो. म्हणून विद्यापीठांची संख्या रकान्यांच्या किमान तिप्पट ठेवतात. तासिका तत्त्वावरचे शिक्षक पूर्णवेळात रूपांतरित करून धरावे लागतात. संलग्न महाविद्यालयांचे पदवीधर अंशात घेतले आणि तिथले शिक्षक छेदात घेतले नाहीत, तर विद्यापीठ कागदावर आभाळाला टेकतं. सगळ्यात वाईट म्हणजे रिक्त पदं: प्राध्यापक नेमलेच नाहीत की छेद लहान होतो आणि विभाग 'कार्यक्षम' ठरतो. उरलेल्यांच्या पाठीवरचं ओझं कुठल्याच रकान्यात उतरत नाही.

इथला आरईएफ, म्हणजे ब्रिटिश विद्यापीठांच्या संशोधनाचं मूल्यमापन, तोसुद्धा दर्जाच मोजतो, 2021 मध्ये संशोधनाचं फलित 60, बाहेरच्या जगावरचा परिणाम 25 आणि संशोधनाचं वातावरण 15 टक्के अशा वजनांनी; खर्चाने भागत नाही. पण ट्रॅकच्या, म्हणजे इथल्या विद्यापीठांच्या खर्चाचा हिशेब मांडायच्या पद्धतीच्या, पत्रकात अध्यापनाचा वेळ वेगळा आणि संशोधनाचा वेगळा पडतो. आपल्याकडे घ्यायचंच असेल तर हे घ्या. परीक्षांच्या आणि पेपर तपासणीच्या कामात प्राध्यापकाचे किती तास जातात, ते एकदा लिहून तरी निघेल.

गुण कमी-जास्त का, याची कारणं शोधायची पायरी त्यानंतरची: विद्यापीठाचं वय, आकार, वैद्यकीय शाखा, अनुदानाचा वाटा. गुण एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे इथे साधं रिग्रेशन (कुठल्या घटकाचा किती परिणाम, हे काढायची संख्याशास्त्रीय रीत) फसतं. सिमार आणि विल्सन यांनी 2007 मध्ये त्यासाठी बूटस्ट्रॅपची, म्हणजे कृत्रिम नमुने पुन्हा पुन्हा काढून अंदाज तपासायची, पद्धत दिली.

दूर बसून सांगणं सोपं आहे, मान्य. पण तिकडच्या एखाद्या विभागाला कुणी अकार्यक्षम म्हटलं की ते अजूनही मलाच लागतं. त्याआधी निदान मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापा.