उपाध्यक्षपदाला ‘शोभेचे पद’ म्हणणाऱ्यांसाठी

आज दुपारी एका स्नेह्यांच्या घरी जेवणानंतर निवडणुकीचा विषय निघाला. गेली अनेक वर्षे येथे न्यू जर्सीत मतदान करणाऱ्या एका सुशिक्षित गृहस्थांनी सांगून टाकले की अमेरिकेचे उपाध्यक्षपद हे शोभेचे पद आहे, मत देताना वरचे नाव पाहावे, खालच्या नावाशी आपल्याला काय करायचे आहे? सगळ्यांनी हसून माना डोलावल्या. दुसऱ्याच्या घरी वाद नको म्हणून मी गप्प राहिलो, पण ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

आजवर या देशात ४५ व्यक्तींनी अध्यक्षपद भूषवले. त्यांपैकी ९ जण आधीच्या अध्यक्षाच्या मृत्यूमुळे किंवा, निक्सन यांच्या बाबतीत, राजीनाम्यामुळे उपाध्यक्षपदावरून थेट त्या जागी आले. म्हणजे दर पाच जणांत एक. ज्या नावाला अध्यक्ष होण्याची एवढी शक्यता आहे, ते वाचण्याचेही कष्ट आपण घेणार नाही का?

हे पद पहिल्यापासूनच घाईघाईने बेतलेले आहे, हे मला मान्य आहे. १७८७ च्या राज्यघटनेत दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणारा उपाध्यक्ष होत असे. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि आरन बर या एकाच पक्षाच्या दोघांना निर्वाचकांची (राज्यांनी निवडलेल्या मतदार-प्रतिनिधींची) प्रत्येकी ७३ मते पडली, अध्यक्ष कोण हे ठरवायला प्रतिनिधीगृहाला ३६ वेळा मतदान घ्यावे लागले, आणि १८०४ मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी वेगवेगळी मते देण्याची पद्धत आली. परंतु अध्यक्ष वारले तर नेमके काय, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तसाच मोघम राहिला.

तो प्रश्न माझ्यासमोर पहिल्यांदा नीट मांडला तो माझ्या वडिलांनी. बाबा साताऱ्याकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेले नागरिकशास्त्राचे शिक्षक. येथील नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर करत असत. अध्यक्ष काम करू शकत नसतील तर अध्यक्ष कोण होते, असा प्रश्न त्या यादीत आहे आणि ‘उपाध्यक्ष’ असे त्याचे उत्तर आहे. बाबा तेथे अडले. “होतो म्हणजे काय? झाकीर हुसेन गेले तेव्हा गिरींनी राष्ट्रपतींचे नुसते काम पाहिले. राष्ट्रपती झाले ते ऑगस्टमध्ये निवडून आल्यावर. मग इथे निवडणुकीशिवाय होतो कसा?”

याचे उत्तर जॉन टायलर या माणसात आहे. विल्यम हेन्री हॅरिसन शपथ घेतल्यावर एका महिन्यात, ४ एप्रिल १८४१ रोजी वारले. त्यापूर्वी असे कधी घडलेच नव्हते. उपाध्यक्षाकडे अध्यक्षाचे केवळ अधिकार आणि कर्तव्ये येतात की पदच येते, हे घटनेच्या मजकुरावरून स्पष्ट होत नव्हते. टायलर यांनी दोन दिवसांत शपथ घेतली आणि आपण अध्यक्ष आहोत, प्रभारी नव्हे, अशी भूमिका घेतली. ‘प्रभारी अध्यक्ष’ असा पत्ता लिहून आलेली पत्रे ते न उघडता परत पाठवत. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांना हे मान्य नव्हते, पण प्रघात पडला तो पडलाच. तो कायद्यात स्पष्ट शब्दांत यायला १९६७ साल उजाडावे लागले. एका माणसाच्या हट्टावर हा देश १२६ वर्षे चालला, हे ऐकून बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला, “पण या माणसांना निवडतात तरी काय पाहून? आमच्याकडे उपमुख्याध्यापक करताना निदान सेवाज्येष्ठता तरी बघतात.”

काय पाहून? कोणत्या राज्याची मते येतील आणि पक्षातला कोणता गट शांत होईल, हे पाहून! १८६४ मध्ये लिंकन यांच्यासोबत अँड्र्यू जॉन्सन यांचे नाव आले, कारण ते टेनेसीचे, दक्षिणेतले, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षातले पण संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले होते. तिकिटावर ते शोभून दिसले. उपाध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर सहा आठवड्यांत लिंकन यांची हत्या झाली आणि नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या लक्षावधी माणसांचे भवितव्य या गृहस्थांच्या हाती आले. त्यांनी जप्त जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत मिळू दिल्या आणि १८६६ च्या नागरी हक्क कायद्यावर नकाराधिकार वापरला, तो काँग्रेसला (तिथल्या संसदेला) मोडून काढावा लागला. १८६८ मध्ये महाभियोगातून ते एका मताने वाचले. ज्या कुटुंबांच्या हातून मिळालेली जमीन गेली, त्यांना कोणी जाऊन सांगावे की ते पद शोभेचे होते. हे लिहितानासुद्धा माझा संताप होतो आहे.

असेच उपाध्यक्षपदावरून आलेले ट्रुमन चांगले निघाले, थिओडोर रूझवेल्टही चांगले निघाले, असे कोणी म्हणेल. निघाले, ठीक आहे. पण ट्रुमन यांची अवस्था पाहा. ते ८२ दिवस उपाध्यक्ष होते आणि त्या काळात अणुबॉम्बच्या प्रकल्पाची माहिती त्यांना कोणी दिली नव्हती. १२ एप्रिल १९४५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट गेले, त्या संध्याकाळी युद्धमंत्री स्टिम्सन यांनी त्यांच्या कानावर ओझरते काही घातले, आणि सविस्तर माहिती मिळाली ती २५ एप्रिलला. ऑगस्टमध्ये हिरोशिमा झाले. उपाध्यक्षाला शोभेचे समजण्याची सवय मतदारांपुरती नव्हती, ती व्हाइट हाउसमध्येही होती.

अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे उपाध्यक्ष थॉमस मार्शल यांच्याबद्दल मात्र मला राग धरता येत नाही. ऑक्टोबर १९१९ मध्ये विल्सन यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला आणि त्यांच्यापर्यंत कोणते कागद जातील हे त्यांच्या पत्नी ठरवू लागल्या. मार्शल यांनी पुढे व्हायचे नाकारले. अध्यक्ष अक्षम आहेत हे कोणी ठरवायचे, याची पद्धतच कायद्यात नव्हती, आणि टायलर यांचा दाखला डोळ्यांपुढे असताना एकदा सूत्रे घेतली तर ती परत देता येतील की नाही, हेही स्पष्ट नव्हते. सत्ता बळकावल्याचा ठपका नको म्हणून एक भला माणूस मागे राहिला. दोष त्याचा नाही.

ती पद्धत केनेडींच्या हत्येनंतर घातली गेली. लिंडन जॉन्सन अध्यक्ष झाले, त्यांना पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, आणि उपाध्यक्षाची जागा १४ महिने रिकामी. हे वाचून बाबा अस्वस्थ झाले होते, आणि असे त्या आधीही अनेकदा घडले होते हे कळल्यावर तर त्यांना खरेच वाटेना. १९६७ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने ती पद्धत ठरवली आणि रिकामी जागा भरण्याचीही सोय केली. अध्यक्षाने नाव सुचवायचे आणि दोन्ही सभागृहांनी बहुमताने मान्यता द्यायची. अ‍ॅग्न्यू या उपाध्यक्षांनी १९७३ मध्ये राजीनामा दिल्यावर जेराल्ड फोर्ड असे आले. समित्यांनी त्यांची चौकशी केली, मग सिनेटने ९२ विरुद्ध ३ आणि प्रतिनिधीगृहाने ३८७ विरुद्ध ३५ मतांनी त्यांना मान्यता दिली. फोर्ड निवडून आलेले नव्हते हा आक्षेप मी ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे. तरीही निवडणुकीच्या वाटेने येणाऱ्या कोणत्याही उपाध्यक्षाची अशी छाननी होत नाही. त्याला एक उमेदवार आपल्या सल्लागारांसह निवडतो, पक्षाचे अधिवेशन टाळ्या वाजवते, आणि मतपत्रिकेवर आपण दोघांसाठी मिळून एकच खूण करतो.

६ जानेवारी २०२१ हा दिवस तरी आपण विसरायला नको होता. काँग्रेसमधील अध्यक्षीय मतमोजणीच्या वेळी उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी राज्यांची मते बाजूला सारण्यास नकार दिला. त्यांच्या राजकारणाशी माझे काडीचेही जमत नाही, पण त्या दिवशी ते घटनेच्या बाजूने उभे राहिले हे मी मान्य करतो. मोजणीतली उपाध्यक्षाची भूमिका केवळ औपचारिक आहे, हे २०२२ मध्ये कायद्याने लिहून ठेवावे लागले. त्या खुर्चीत कोण बसले आहे याला किती किंमत असते, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की पक्षांनी हे नाव अधिवेशनात खऱ्या मतदानाला टाकावे. हे अशक्य नाही. १९५६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार स्टीव्हन्सन यांनी उपाध्यक्षाची निवड अधिवेशनातल्या प्रतिनिधींवर सोडली होती, चुरस झाली आणि केफॉव्हर यांनी तरुण केनेडींना हरवले. २०२८ च्या अधिवेशनांना आपल्या ओळखीतले कोणी प्रतिनिधी म्हणून जाणार असतील, तर ही मागणी त्यांच्यापर्यंत आत्ताच पोहोचवा. आज जेवायला असलेल्या मंडळींपैकी दोघे तरी पक्षाच्या स्थानिक बैठकांना नियमित जातात. त्यांनी हा विषय पुढच्या बैठकीत काढावा, अशी माझी त्यांना मनापासून विनंती आहे.