अमेरिकेत बाळ जन्मले म्हणून ग्रीन कार्ड मिळत नाही

न्यू जर्सीत एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी या तात्पुरत्या नोकरी-व्हिसावरील माणसाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, राहणाऱ्या माझ्या भाचीला सातवा महिना लागला आहे आणि तिच्या सासऱ्यांनी तिला मोठ्या आनंदाने एक फिरता मजकूर पाठवला आहे. अमेरिकेत बाळ जन्मले की आईवडिलांना लगेच ग्रीन कार्ड मिळते, नोकरी गेली तरी नागरिक बाळाच्या पालकांना कोणी देशाबाहेर काढू शकत नाही, आणि बाळाला दोन्ही देशांचे पासपोर्ट ठेवता येतात, असे तीन दावे त्यात आहेत. शिकलीसवरलेली माणसेही तो न तपासता पुढे ढकलतात, म्हणून हे लेखी उत्तर.

पहिल्या दाव्यासाठी अमेरिकेच्या इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्टचे कलम २०१ वाचले तरी पुरे. ते नागरिकाच्या आईवडिलांना निकटचे नातेवाईक मानते, पण तो नागरिक किमान २१ वर्षांचा असावा, अशी अट त्याच वाक्यात आहे. म्हणजे २०२६ मध्ये जन्मलेले बाळ २०४७ मध्ये अर्ज करील. तेव्हा ग्रीन कार्डांच्या वार्षिक कोट्याची रांग लागणार नाही, एवढे मान्य करावे लागते. मात्र पालकांच्या चरितार्थाची हमी त्या मुलालाच लिहून द्यावी लागेल. ग्रीन कार्डसाठी नोकरीमार्फत लावलेली रांगही बाळामुळे पुढे सरकत नाही, कारण त्यात पालकांचा जन्मदेश पाहिला जातो, बाळाचा नव्हे.

तिसरा दावाही खोटाच आहे. भारतीय कायदा दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. अमेरिकी पासपोर्टवरच्या बाळाला भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) लागते. शिवाय २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने तात्पुरत्या व्हिसावरील पालकांच्या बाळांचे नागरिकत्वच वादात ओढले आणि प्रकरण न्यायालयांत गेले, याचा मजकुरात उल्लेखही नाही.

घात करणारा दावा दुसरा आहे. एच-१बीवरील माणसाची नोकरी गेली की त्याला आणि कुटुंबाला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि तेवढ्यात नव्या मालकाचा अर्ज, दुसऱ्या व्हिसावर्गासाठी अर्ज किंवा परतीचे विमान, यांपैकी काहीतरी ठरवावे लागते. बाळाच्या भरवशावर जो तसाच थांबला, त्याने १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य करून स्वतःहून देश सोडला तर तीन वर्षे आणि वर्षभर किंवा त्याहून अधिक राहून सोडला तर दहा वर्षे त्याला परत प्रवेश नाही. भारतात आईवडील आजारी पडले तरी त्याने निघायचे की नाही, हा प्रश्न मग त्याच्यापुढे उभा राहतो. या बंदीतून सूट मागताना नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे वा आईवडिलांचे हाल विचारात घेतले जातात, मुलांचे नाही. म्हणजे ज्या बाळाच्या नावाने हा सल्ला दिला जातो, नेमके तेच इथे मोजले जात नाही.

अर्धसत्य एवढेच, की हकालपट्टीचा खटला उभा राहिल्यावर ती रद्द करण्याची विनंती नागरिक मुलाचे हाल दाखवून करता येते. पण त्यासाठी आधी दहा वर्षांचे सलग वास्तव्य आणि चांगली वर्तणूक सिद्ध करावी लागते, ते हाल विलक्षण आणि अत्यंत असामान्य असल्याचे न्यायाधीशाला पटवावे लागते, आणि अशा मंजुऱ्यांची मर्यादा संपूर्ण देशासाठी वर्षाला ४,००० आहे.