फॅक्ट चेक युनिटचा निकाल: खोट्याला मोकळं रान मिळालं का?

‘मुंबई हायकोर्टाने केंद्राचं फॅक्ट चेक युनिट बंद पाडलं, आता खोट्या बातम्यांना मोकळं रान.’ व्हॉट्सॲपवर हा दावा अजूनही फिरतो. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या जोडीला येणारे युक्तिवादही टिकत नाहीत.

बंद काहीच पडलेलं नाही. पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक 2019 पासून चालू आहे आणि निकालानंतरही चालूच राहिलं. सरकारने एखादी बातमी खोटी म्हणावी, पुरावे मांडावेत, त्याला कोर्टाने हात लावलेला नाही. रद्द झाली ती आयटी नियमांतली 6 एप्रिल 2023 ची दुरुस्ती. केंद्राच्या कामकाजाबद्दलचा मजकूर या युनिटने ‘बनावट, खोटा किंवा दिशाभूल करणारा’ ठरवला, की त्याचे कायदेशीर परिणाम सोशल मीडिया कंपन्यांना भोगावे लागतील, अशी ती तरतूद होती.

‘मग अफवांवर कारवाईच नको का?’ कायदे आहेत की! खोटी माहिती पसरवून लोकांत भीती किंवा वैर निर्माण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 353 खाली गुन्हा आहे. बदनामीचा कायदा आहे. मजकूर ब्लॉक करायला आयटी कायद्याचं कलम 69अ आहे.

खरी मेख पुढच्या युक्तिवादात आहे. ‘पोस्ट काढा असं नियम म्हणतच नव्हता, कंपनीने नुसती सूचना लावली तरी चाललं असतं.’ सरकारची कोर्टातली बाजूही साधारण हीच होती. पण कंपनीच्या जागी बसून बघा. लोकांनी टाकलेल्या मजकुरासाठी कंपनीवर खटला होत नाही, कारण आयटी कायद्याचं कलम 79 तिला संरक्षण देतं. युनिटचा शिक्का बसल्यावरही पोस्ट तशीच ठेवली तर ते संरक्षण धोक्यात. एका अनोळखी माणसाच्या चार ओळींसाठी कोणती कंपनी कोर्टाच्या पायऱ्या चढेल? ती पोस्ट उडवून मोकळी होणार. लिहिणाऱ्याचं म्हणणं कुणी ऐकलेलं नसतं, तरी कागदोपत्री सरकारने काहीच काढायला लावलेलं नाही! मला यातलं सगळ्यात धोकादायक वाटतं ते हेच.

‘एका कॉमेडियनच्या हट्टापायी झालं,’ हेही अर्धसत्य आहे. कुणाल कामरासोबत एडिटर्स गिल्ड आणि नियतकालिकांची संघटनाही कोर्टात होती. निकालही एकतर्फी आला नाही. 31 जानेवारी 2024 ला न्या. गौतम पटेल यांनी दुरुस्ती रद्द ठरवली, न्या. नीला गोखले यांनी वैध. म्हणून प्रकरण तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं. दरम्यान 20 मार्चला सरकारने पीआयबीचंच युनिट या नियमाखाली अधिसूचित केलं आणि दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. 20 सप्टेंबर 2024 ला चांदूरकरांनी दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. ‘दिशाभूल करणारा’ म्हणजे काय, याची व्याख्याच नियमात नव्हती.

अशा ढगळ शब्दांचं काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. नोव्हेंबर 2012 मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट टाकली म्हणून पालघरमध्ये एका तरुणीला अटक झाली. तिच्या मैत्रिणीने ती फक्त लाइक केली होती, तिलाही अटक झाली. लावलेल्या कलमांत ‘अत्यंत आक्षेपार्ह’ ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारं आयटी कायद्याचं 66अ होतं. श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला ते रद्द केलं, त्याचं एक मुख्य कारण हाच मोघमपणा.

राहिला शेवटचा युक्तिवाद: ‘नियम केंद्राच्या कामकाजापुरताच होता, सामान्य माणसाला काय त्याचं?’ कांद्याची निर्यातबंदी हे केंद्राचंच कामकाज. डिसेंबर 2023 मध्ये ती लागली तेव्हा लासलगावचा शेतकरी आपलं नुकसान आपल्या हिशेबाने मांडणार आणि दिल्ली तिच्या हिशेबाने. हा नियम लागू झाला असता तर शेतकऱ्याचा हिशेब दिशाभूल करणारा आहे का, हे दिल्लीनेच नेमलेल्या युनिटने ठरवलं असतं. तोच हिशेब छापील वर्तमानपत्रात आला असता तर त्याला मात्र हा नियम लागू नव्हता.