दोन पासपोर्ट घ्या, सुखी व्हा

तुमच्याकडे एकच पासपोर्ट आहे? अरेरे. मग प्रवासाची खरी मजा तुम्हाला कळलेलीच नाही. मी दोनवाली आहे. आधी इंग्लंडात अकरा वर्षं काढली तेव्हाचा ब्रिटिश, मग ह्यांच्या नोकरीपायी टोरांटोला आलो तो कॅनडाचा, शिवाय भारताचं ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'चं पुस्तक, आहेच. गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नाला पुण्याला जाऊन आले आणि परत येताना मुंबईला रात्री दीड वाजता जे काही झालं ना, त्यानंतर ठरवलं की हे ज्ञान आपल्यापुरतं ठेवायचं नाही. ज्यांना दुसऱ्या पासपोर्टचे डोहाळे लागलेत त्यांनी जरूर वाचा.

सगळ्यात आधी, सगळी पुस्तकं एकाच रंगाची असतील असं बघा. ब्रिटिश पासपोर्ट पूर्वी छान मरून होता, एका नजरेत कळायचा. ब्रेक्झिट झालं, अस्मिता जागी झाली आणि २०२० पासून त्यांनी तो निळा केला. कॅनडाचा निळाच. ओसीआयचं पुस्तक, तेही निळसर. म्हणजे सराफाकडे फुकट मिळालेल्या चेनवाल्या पाऊचमध्ये माणशी तीन, माणसं तीन, अशी नऊ निळी पुस्तकं घेऊन मी उभी, आणि मागे ही रांग. यावर उपाय म्हणून मी कोथिंबिरीच्या जुडीचे रबर लावलेत, ब्रिटिशला एक, कॅनडाला दोन, ओसीआयला नाही. काउंटरवरचा माणूस पहिलं काम काय करतो? सगळे रबर काढून बाजूला ठेवतो.

पेन न्या. घरी चार ठेवून एक नेऊ नका, पाचही न्या, एकही परत येत नाही.

लग्नकार्यात कोणी विचारलं की "तुम्ही आता डबल सिटिझन ना, इकडचे पण आणि तिकडचे पण?" तर हो म्हणा आणि पंगतीला बसा. समजावत बसू नका. मी बसले. म्हणलं काका, भारत दुहेरी नागरिकत्व देतच नाही, दुसऱ्या देशाचं घेतलं की १९५५ च्या कायद्यातल्या कलम ९ प्रमाणे इथलं आपोआप जातं, पासपोर्ट जमा करावा लागतो, माझे दोन्ही पासपोर्ट बाहेरचेच आहेत आणि ओसीआय म्हणजे थोडक्यात जन्मभराचा व्हिसा, त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. काका म्हणाले, "पण नावात सिटिझन आहे की." आहे. २००५ साली ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. आणि काकांनी त्या सगळ्यातलं 'शेतजमीन' तेवढं ऐकलं, उरलेलं लग्न माझ्याशी फार जपून बोलत होते.

नावाचं एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे माणसाला नावं तीन, स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. गोऱ्यांच्या फॉर्ममध्ये मधलं नाव म्हणजे शोभेची वस्तू, कधी ठेवतात कधी गाळतात. माझ्या तिकिटावर शुभांगीविनायकमिसेस असं एका दमात छापून आलं होतं. लग्नानंतर नाव बदलायचा विचार करत असाल तर अवश्य बदला, एका पासपोर्टवर माहेरचं ठेवा आणि दुसऱ्यावर सासरचं, म्हणजे निवृत्तीपर्यंत कामाला लागाल.

दोन देशांचे नागरिक झालात म्हणजे अडचणीत दोन वकिलाती धावत येतील असंही खुशाल समजा. १९३० च्या हेगच्या करारातच लिहून ठेवलंय की ज्याचे तुम्ही नागरिक आहात त्या देशापुढे दुसरा देश तुमची बाजू घेऊन उभा राहू शकत नाही. म्हणजे दोन सासरं, आणि माहेर एकही नाही.

ज्यांच्याकडे ब्रिटिश आहे पण संपलाय, कपाटात पडलाय, त्यांनी तसाच पडू द्यावा. माझी एक मैत्रीण स्लाऊ सोडून ऑकलंडला गेली, ब्रिटिश पासपोर्टचं नूतनीकरण कोण करत बसतंय म्हणून न्यूझीलंडच्या पासपोर्टवर निवांत लंडनला येजा करायची. आता २५ फेब्रुवारी २०२६ पासून ते बंद. तुम्ही ब्रिटिश आहात ना, मग वैध ब्रिटिश पासपोर्ट दाखवा, नाहीतर तिथे राहायच्या हक्काचं सर्टिफिकेट काढा, त्याचे ५८९ पौंड. पाचशे एकोणनव्वद! व्हिसा न लागणाऱ्या परक्या माणसाला वीसएक पौंडांत ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी, देऊन आत घेतात, तो ईटीए आपल्याला मिळत नाही, का, तर आपण घरचे. घरच्या माणसाला जेवायला ताट मागितलं तर आधी रेशनकार्ड दाखव म्हणायचं आणि रेशनकार्डाचे पैसे पण त्यानेच भरायचे.

असो. तिकिटाकडे वळू. बुकिंग करताना पासपोर्ट नंबरला रकाना एक असतो. भारतात शिरायला ओसीआय ज्याला जोडलंय तो ब्रिटिश लागतो. परत यायला कॅनडाचाच लागतो, नोव्हेंबर २०१६ पासून कॅनडाच्या नागरिकाला त्याशिवाय विमानात चढू देत नाहीत (जोडीला अमेरिकन पासपोर्ट असेल तर सूट, त्यांचे लाड सगळीकडेच). ब्रिटिशवर कॅनडाचं ईटीए काढू म्हणाल तर नागरिकाला ईटीए मिळत नाही, तेच रडगाणं. म्हणजे जाताना एक, येताना दुसरा, तिकीट एक, रकाना एक. काही हरकत नाही, डोळे मिटून कुठलाही घाला आणि काउंटरवर बघून घेऊ म्हणा. काउंटरवर ते तुम्हाला बघून घेतात.

तर मुंबई. रात्रीचा दीड. टर्मिनलच्या दारात तिकीट आणि पासपोर्ट दाखवून आत आलो, भाऊ बाहेर गाडीत थांबलेला, चेक-इन झालं की फोन करते म्हणलं होतं. काउंटरवर एक तरतरीत मुलगी. मी शहाणपणाने कॅनडाचा पासपोर्ट पुढे केला, कारण चाललेय कॅनडाला. तिने पानं चाळली. परत चाळली. मागून पुढे चाळली.

"मॅडम, यावर इंडियाचा शिक्काच नाहीये. तुम्ही आलात कशा?"

चालत आले म्हणणार होते, पण ह्यांनी कोपर मारलं. ब्रिटिश काढून दिला, ओसीआय दिलं, म्हणलं ह्याच्यावर आले, हा बघा शिक्का. तिने कॅनडाचा मला परत दिला आणि ब्रिटिश वाचायला घेतला. "मग कॅनडाचा व्हिसा?" म्हणलं मी कॅनडाची नागरिक आहे. "पण हा तर ब्रिटिश आहे." हो, म्हणून तर तो दिला होता आधी. "पण त्यावर शिक्का नाहीये." परत कॅनडाचा दिला. तिने दोन्ही शेजारी ठेवले, पत्रिका जुळवतात तसे, आणि म्हणाली, "म्हणजे जुना कुठला आणि नवीन कुठला?" अहो बाई, दोन्ही चालू आहेत! हे ऐकून तिचा चेहरा असा झाला की मी दोन नवरे चालू आहेत म्हणाले असावे.

मग सुपरवायझर आले. मग सुपरवायझरनी कोणाला तरी फोन केला. मग लेकीचा नंबर. तिचं ओसीआय पाच महिन्यांची असताना काढलेलं, फोटोत टक्कल, एक डोळा अर्धा मिटलेला. आता ती सतराची आहे, नाकात चमकी. विसाव्या वर्षानंतर एकदा नवीन ओसीआय मिळणार, तोवर नवा पासपोर्ट आला की पोर्टलवर फोटो चढवायचा आणि पुस्तकात बाळ तेच. सुपरवायझर त्या बाळाकडे बघतात, मग हिच्याकडे, मग पुन्हा बाळाकडे. ही आपली डोळे मिटून उभी, झोपेने, त्यामुळे जरा साम्य वाटलं असावं. मागचे एक काका मोठ्याने च्च च्च करतायत. ह्यांनी तेवढ्यात "मी सांगत होतो तिकिटात ब्रिटिश घाल" म्हणून घेतलं. (असं ते कधीही म्हणाले नव्हते.)

पावणेतीनला बोर्डिंग पास मिळाले. आणि पुढे इमिग्रेशन, ज्याची मला खरी धास्ती होती, तिथे काय झालं? त्या साहेबांनी ब्रिटिश घेतला, ओसीआय घेतलं, बोर्डिंग पास बघितला, "कॅनडाचं काय आहे?" म्हणाले, मी कॅनडाचा दाखवला, "अच्छा", ठप्प. दोन मिनिटं. सरकारी माणसाला दोन मिनिटं लागली.

गेटवर परत तपासणी. परत तेच, आलात कशा.

आणि काउंटरवरून निघताना ती मुलगी पास हातात देत मला काय म्हणाली, अगदी गोड आवाजात? "मॅडम, नेक्स्ट टाइम एकच पासपोर्ट आणा, म्हणजे त्रास नाही होणार."

कुठला? सांग ना बाई, कुठला? ब्रिटिश आणला असता तर तूच कॅनडाच्या विमानात चढू दिलं नसतंस, आणि कॅनडाचा एकटा आणला असता तर मी मुंबईत उतरलेच नसते.

आता सल्ले बास. सरळ बोलते. मी हे पासपोर्ट हौस म्हणून जमवलेले नाहीत, पोस्टाची तिकिटं नाहीत ती, जिथे कामाला गेलो तिथे राहिलो, कर भरले, परीक्षा दिल्या, शपथा घेतल्या. लपवून काही ठेवलेलं नाही. ब्रिटनला कॅनडाचं चालतं, कॅनडाला ब्रिटनचं चालतं, भारताने ओसीआय स्वतः दिलंय. तीन सरकारांना माहितीये मी कोण आहे. कळत नाही ते फक्त तुम्हा विमान कंपनीवाल्यांना. आणि तुम्हीच तिथे उभे असता, कारण कॅनडातून निघताना पासपोर्टवर शिक्का मारायला कोणी बसलेलंच नसतं, ब्रिटनमधून निघतानाही नाही, सगळी तपासणी विमान कंपनीच्या काउंटरवर. चुकीच्या कागदांचा माणूस नेला तर कंपनीला दंड पडतो, ब्रिटनमध्ये माणशी २००० पौंडांपर्यंत, हे मला पाठ आहे कारण सुपरवायझरनी मला तेच ऐकवलं. दंड पडतो ना? मग शिका की! समोरच्या स्क्रीनवर टिमॅटिक असतं, त्यात देशवार नियम दिलेले असतात, ते उघडून वाचायचं सोडून माझ्या पासपोर्टची पानं काय मोजताय? रोज रात्री ही विमानं भरून बाहेरदेशीचे आपलेच लोक जातात, मी काय पहिली आले का? त्या पोरीला दोष देत नाही, तिला कोणी शिकवलंच नसेल, पाच तास उभी असेल ती, पण तिच्या वरचे जे आहेत त्यांना तरी लाज वाटू द्या. आणि च्च च्च करणारे काका, तुमच्या हातात पण निळं ओसीआय होतं, मी बघितलं.

भावाला फोन केला तेव्हा सव्वातीन वाजले होते, गाडीतच झोपला होता बिचारा, पुण्याला परत जायचं होतं त्याला.

बुकिंगच्या फॉर्ममध्ये पासपोर्टला दुसरा रकाना द्या. जाताना हा, येताना हा, संपलं. जेवणाला जैन, व्हेगन, बिनमिठाचं, मधुमेहवाल्यांचं, लहान मुलांचं, एवढे रकाने बरोबर सुचतात तुम्हाला, आणि पासपोर्टला दुसरा देताना हात मोडतो? आणि जैन जेवण सांगितलं होतं, ते पण आलं नाही.