सल्लागार व्हा, ददात मिटेल

इंदूरच्या रामबागेतल्या पालकांनो, चिरंजिवांना इंजिनिअर करायचा हट्ट आता सोडा. त्यांना गरीब देशांना मुक्त व्यापार शिकवणारे सल्लागार करा. विमानाचं तिकीट, हॉटेल, भत्ता, सगळं मिळतं. आणि सल्ला फसलाच तर उपास त्या देशाला पडतो, आपल्याला नाही.

शिकायला परदेशी जायचीही गरज नाही. अर्धा अभ्यासक्रम इंदुरातच झालेला आहे. पहिला धडा माळव्याच्या अफूचा. ही अफू मुंबईमार्गे चीनला जायची. १८३९ मध्ये चीनने अफूच्या पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तेव्हा मुक्त व्यापाराचं रक्षण करायला इंग्रजांच्या युद्धनौका निघाल्या. १८४२ च्या नानकिंग तहात चीनला पाच बंदरं उघडावी लागली, हाँगकाँग द्यावं लागलं, वर २ कोटी १० लाख डॉलरचा दंड. त्यात नष्ट झालेल्या अफूची किंमतही धरलेली होती, हिशेबाला माणसं पक्की. त्याच काळात इंग्रजांचाच अफू-एजंट इंदुरात बसून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर पासाचे, म्हणजे वाहतूक परवान्याचे, पैसे वसूल करत होता. व्यापारी हुशार, ते पास चुकवून सिंधमार्गे माल काढायचे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंधच घेतला आणि पुढच्या काही वर्षांत पासाचा दर दुपटीहून वर नेला. चिरंजिवांनी एवढं पाठ करावं: चीनने अडवलं तर तो अडथळा, आपण अडवलं तर तो महसूल.

दुसरा धडा परकीय मदतीचा. १८७० मध्ये तुकोजीराव होळकरांनी (दुसरे) खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. जमीन फुकट. इथे मदत नेमकी कोण कोणाला करतंय, असा प्रश्न पडतो. म्हणून हा धडा ऑप्शनला टाकावा.

मग हैती. १९९५ मध्ये अमेरिका आणि नाणेनिधीने तिथे तांदळावरचं आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणायला लावलं. अनुदानावर पिकलेला अमेरिकन तांदूळ शिरला, तिथला शेतकरी उठला. २०१० मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही चूक होती अशी कबुली दिली, आर्कान्सातल्या आपल्या शेतकऱ्यांचा कदाचित फायदा झाला असेल, हेही सांगून टाकलं. पंधरा वर्षांनी खेद व्यक्त करता येतो, ही या धंद्यातली मोठी सोय.

कापसाचं प्रकरण तर परीक्षेत हमखास येणारं. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. अनुदान बंद? छे! २०१० पासून अमेरिकेने ब्राझीलच्याच कापूसवाल्यांना वर्षाला सुमारे १४.७ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं. म्हणजे आपल्यांनाही द्या, तक्रार करणाऱ्यालाही द्या. माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड हेच रडगाणं २००३ पासून गात होते. त्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नव्हते, त्यांना सहानुभूती मिळाली.

गोऱ्यांनाच नावं ठेवत बसू नका, घरचा सरावही चांगला आहे. एप्रिल २०२२ मध्ये आपण जगाला गहू पुरवायला निघालो होतो, १३ मे रोजी निर्यातबंदी आली. इंदूरच्या छावनी मंडीत तेव्हा कुठे गव्हाला हमीभावाच्या वर दर दिसू लागला होता. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्याचं २० टक्के केलं, मे २०२५ अखेर, सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर, १० वर आणलं. शेतकऱ्याने काय पेरायचं ते आपलं आपण ठरवावं. शेवटी बाजार मुक्त आहे.

आता आपणही दाते झालो आहोत. एक्झिम बँकेमार्फत, म्हणजे सरकारच्या निर्यात-आयात बँकेमार्फत, आफ्रिकेतल्या देशांना सवलतीचं कर्ज देतो. अट साधी: साधारणपणे किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातूनच घ्यायच्या. मुलाखतीत कुणी विचारलं, मग उरलेले २५ टक्के का सोडले, तर चिरंजिवांनी टाय सारखा करून सांगावं, मुक्त बाजारपेठेसाठी.