पोकरवाल्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ

पोकर खेळणारा माणूस स्वतःच्या पत्त्यांबद्दल जे सांगेल त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. टेबलावर तो थापा मारतो ते सोडा, तिथे त्याला ब्लफ म्हणतात आणि त्याचे पैसे मिळतात, पण एकदा का तो उठून बाहेर टपरीवर चहा प्यायला आला की थेट हरिश्चंद्रच.

समजा मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवरून रात्रभर खेळून आलेला तुमचा मित्र म्हणाला, "चार वेळा पॉकेट एसेस आले यार, आणि चारही वेळा रिव्हरवर मारला!" (म्हणजे हातात दोन एक्के असूनही टेबलावर उघडलेल्या शेवटच्या पत्त्यावर हरला) तर लगेच मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडू नका, वाईट दिसतं ते. हो, हातात दोन्ही एक्के यायचे तर सरासरी २२१ डावांत एकदा येतात, आणि खऱ्या टेबलावर डीलर तासाला २५-३० डाव वाटतो, म्हणजे चार वेळा एक्के बघायला साधारण ३० तास बसावं लागेल. असेल, थंडीत रात्र मोठी असते. आणि समोर राजांची जोडी असली तरी एक्के पाचात चार वेळा जिंकतात, त्यामुळे ओळीने चारदा हरणं हे हजारात एखाद्याच्याच नशिबी येतं. आलं ना त्याच्या, मग? तुम्ही फक्त "च्च" करायचं.

तो सत्ती-दुर्रीसारखे भिकार पत्ते घेऊन जिंकला तर ते स्किल असतं आणि समोरचा तसाच जिंकला तर तो गाढव, यातही काही शोधत बसू नका.

सगळ्यात पवित्र वाक्य म्हणजे "मी फुल हाऊस फोल्ड केला, मला वाटलंच होतं त्याच्याकडे क्वाड्स आहेत", म्हणजे तीन एकसारखे आणि एक जोडी असा तगडा हात टाकून दिला, कारण समोर चार एकसारखे असल्याचा वास आला. इथे शंका घ्यायला जागाच नाही कारण टाकलेले पत्ते उपडेच जातात, डीलर ते बाकीच्या कॅटमध्ये मिसळून पिसून टाकतो, पुरावा संपला. लास वेगासला २००३ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मात्र घोळ झाला. ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने (आडनाव खरंच तेच आहे) शेवटच्या दोघांत सॅम फारासमोर जोडी वगैरे काही नसताना नुसत्या राजावर ऑल-इन केलं, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं लावलं, आणि फाराने नव्व्यांची जोडी टाकून दिली, आणि हे आख्ख्या जगाला कळलं कारण टेबलात पत्ते बघणारा कॅमेरा बसवलेला होता. कॅमेरा नसता तर आज त्या डावात एकाकडे फ्लश असता, दुसऱ्याने स्ट्रेट फोल्ड केली असती (दोन्ही जोडीपेक्षा कितीतरी भारी हात), आणि मला तरी तेच व्हर्जन जास्त आवडलं असतं.

राहता राहिलं "एकूण कसं झालं?" हे विचारूच नका, पण विचारलंतच तर उत्तर "बरोबरीत सुटलो" असं येईल, गोव्याहून आजवर कोणी हरून परत आलेलं नाही. मग जाताना विमानाने गेलेला येताना एसटीने का आला हा खवचट प्रश्न गिळून टाका. चहाचे पैसे तुम्हीच द्या, तो म्हणेल "जीपे करतो रात्री", तेही खरंच समजा.